अमेरिकेचा दाखला आणि परंपरावादी प्रतिवाद

करी रोड स्थानकाच्या पूर्वेस लालबाग-परळ आणि पश्चिमेस लोअर परळ असा जो गिरण्यांचा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहू लागला, त्याच्या पूर्वेतिहासात अमेरिकेचा वाटा मोठा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील दक्षिणेकडील राज्यांतून लँकेशायरला जाणारा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच १८६५मध्ये तो बाजार कोसळला. पेढ्या बुडाल्या, पण विस्तारलेले व्यापारी जाळे आणि उरलेले भांडवल पुढील दशकांत गिरण्यांकडे वळले. त्याच मंदीने दख्खनच्या कुणब्याला सावकाराच्या हाती दिले. १८७५मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे झाले, आणि घाटावरचा व कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईच्या वाटेला लागला. गुलामांच्या मुक्ततेचे निमित्त ठरलेले युद्ध असे आडवाटेने गिरणगावाच्या पायात येऊन बसले आहे.

हा आर्थिक संबंध परिचित आहे. मराठी वैचारिक गद्यात मात्र अमेरिका आणखी एका वाटेने आली, आणि त्या वाटेचा विचार फारसा झालेला नाही. सामाजिक वादात तिचा उपयोग ‘दाखला’ म्हणून झाला. दाखला देणारा एवढेच सांगत असतो की, जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते अन्यत्र घडले आहे. परंपरावादी प्रतिवादाची रीत अशी की, तो दाखल्याची शहानिशा करीत नाही. दाखला देणाऱ्यावर ‘अनुकरणा’चा आरोप ठेवतो. वादाचा विषय त्यामुळे बदलतो. प्रश्न खरा की खोटा हे बाजूला राहते आणि प्रश्न विचारणारा आपला की परका, याची चौकशी सुरू होते. या रीतीचा इतिहास तपासला असता दिसते की, मराठी परंपरावादाने सबंध अमेरिका कधीच नाकारलेली नाही. त्याने तिचे दोन भाग केले. राजकीय स्वातंत्र्याची आणि संपत्तीची अमेरिका त्याने स्वीकारली. सामाजिक समतेची अमेरिका परकी ठरविली.

या इतिहासाचा आरंभ जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’पासून करणे इष्ट ठरते. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या या मराठी ग्रंथाची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, आणि ती निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना उद्देशून आहे. तिच्यामुळे शूद्रातिशूद्रांची स्थिती ‘गुलामगिरी’ या एका नावाखाली येते आणि धर्मशास्त्राच्या कक्षेतून निघून जगाच्या इतिहासात दाखल होते. जे कर्मविपाकाचे फळ म्हणून सांगितले जात होते, ते मनुष्यकृत आणि म्हणून मनुष्याला मोडता येण्यासारखे ठरते.

१८७४मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तो मुख्यतः भाषेच्या अंगाने. व्याकरण अशुद्ध, रचना गबाळी, शैली ग्राम्य, म्हणून लेखक दखल घेण्यास अपात्र, असा त्या उपहासाचा रोख होता. गुलामगिरीची तुलना योग्य की अयोग्य, या प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही. शास्त्रीबुवांच्या बाजूनेही काही म्हणता येते. परसत्तेखाली आत्मविश्वास गमावलेल्या सुशिक्षित वर्गाला स्वत्वाची जाणीव देणे हे त्यांचे अंगीकृत कार्य होते, आणि मिशनऱ्यांच्या टीकेमागे राज्यकर्त्यांचे बळ होते हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. तथापि स्वत्वरक्षणाची ही भूमिका जेव्हा आपल्याच समाजातील माळ्याच्या तोंडून आलेल्या प्रश्नावर वापरली गेली, तेव्हा त्या ‘स्व’मध्ये कोण मोडतो हे आपोआप ठरून गेले.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्र मुंबईतून चालविले, १८८४मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि १८९०मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळविली. त्या काळातील बहुतांश राष्ट्रवादी पत्रांना कारखान्यांविषयीचे कायदे हा लँकेशायरचा कावा वाटत होता. या संशयात तथ्य होते. पण रविवारी यंत्र थांबावे ही मागणी करणारा कामगार लँकेशायरचा हस्तक नव्हता, हेही तितकेच खरे होते.

दोन स्त्रियांच्या अमेरिकाप्रवासाला मिळालेल्या प्रतिसादात तर ही विभागणी आरशासारखी स्पष्ट दिसते. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात निवर्तल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाण्यापूर्वी जाहीर केले होते. ‘केसरी’ने त्यांचे कौतुक केले. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. स्त्रियांचे शिक्षण, त्यांच्या संस्था आणि त्यांचा सार्वजनिक वावर यांचे त्यातील वर्णन म्हणजे मराठी स्त्रीपुढे ठेवलेला दाखलाच होय. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन साहाय्यावर गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास गेले. १८९३मध्ये ‘केसरी’ने सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते असा हल्ला चढविला, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. येथे परंपरावाद्यांच्या आक्षेपाला वस्तुस्थितीचा आधार होता, कारण धर्माविषयी तटस्थतेचे आश्वासन देऊन सदन सुरू झाले होते. परंतु आक्षेपाची परिणती कशात झाली हे पाहिले पाहिजे. विधवांसाठी तशीच सोय स्वकीयांनी करण्याचे काम धोंडो केशव कर्व्यांनी १८९६मध्ये हाती घेतले, आणि त्यांनाही रोष पत्करावाच लागला. त्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या बाई शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या.

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात ही दोन टोके एकत्र येतात. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगाव सहा दिवस बंद राहिले. ब्राह्मण पुढाऱ्यासाठी बहुजन कामगाराने मजुरी बुडविली, ही घटना सामान्य नव्हे. १९१९च्या जानेवारीत टिळकांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानला लागू करण्याची मागणी केली, आणि विल्सन यांच्या चिटणिसाकडून त्याची पोचही आली. म्हणजे अमेरिकेचा दाखला टिळकांना वर्ज्य नव्हता. स्वराज्यासाठी तो त्यांनी हक्काने वापरला. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९१८मध्ये, विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरविलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले; मात्र व्यक्तिशः अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. राष्ट्राच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व जागतिक होते. जातीच्या बाबतीत मात्र समाजाच्या कलाने घेणे त्यांना प्राप्त वाटले. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या जुन्या वादाचाच हा अमेरिकेच्या संदर्भातील आविष्कार म्हणावा लागेल.

नाकारलेली अमेरिका पुढे परळच्याच चाळीत राहावयास आली. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते, आणि १९२४मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या विचारांचा वापर त्यांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला. समाजाने पूर्वजांचा सगळा वारसा पुढे न देता भावी समाज ज्याने अधिक चांगला होईल तेवढाच निवडून द्यावा, हा ड्यूईप्रणीत विचार त्या भाषणाच्या मर्मस्थानी आहे. परंतु त्याच भाषणात परंपरावादी राजकीय विचाराचा आद्य प्रवक्ता एडमंड बर्क याचाही आधार घेतलेला आहे. धर्म हा समाजाचा पाया आहे हे बर्कचे म्हणणे आंबेडकर मान्य करतात आणि लगेच विचारतात की, तो धर्म नियमांचा की तत्त्वांचा? परंपरावाद्याचे गृहीतक मान्य करून त्याच्याच भूमीवर उभे राहण्याची ही पद्धत अनुकरणाच्या आरोपाला जागाच ठेवीत नाही. गांधीजींनी ‘हरिजन’मधून उत्तर देताना धर्माची पारख त्याच्या उत्तम प्रतिनिधींवरून करावी अशी भूमिका घेतली. हा प्रतिवाद चिपळूणकरांच्या उपहासाहून कितीतरी वरच्या दर्जाचा होता. तरीही उत्तम माणसे वाईट व्यवस्थेत कशी राहू शकली, हा प्रश्न त्याच्या पलीकडेच राहिला.

१९६६मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षी आला. त्या आधीच म. ना. वानखडे यांनी निग्रो साहित्याशी दलित साहित्याची तुलना मांडली होती, आणि पुढे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा व संस्कृतीचा सविस्तर परिचय मराठीत करून दिला. या लेखनावरील परंपरावादी टीकेचे मुद्दे दोन होते: भाषा अश्लील आहे आणि प्रेरणा आयात आहे. ‘गुलामगिरी’नंतर शंभर वर्षांनीही प्रतिवादाची रीत बदललेली नव्हती. व्याकरणाच्या जागी अश्लीलता आली एवढेच. जानेवारी १९७४मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली आणि परळ भागात पँथरच्या मोर्चावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव हा तरुण मारला गेला. सवर्ण आणि दलित कामगार एकाच गिरणीत राबत होते. पण विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना दीर्घकाळ मज्जाव होता, कारण धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे. ओकलंड दूर होते आणि धोटा हातात होता. पँथर हे नाव आयात होते. ज्या अनुभवाला ते दिले गेले तो करी रोडच्या खात्यांत रोज घडत आला होता.

या ठिकाणी देशीवादाचा विचार अपरिहार्य होतो. भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद परंपरावादाशी एकरूप मानणे अन्यायाचे होईल, कारण इंग्रजीच्या छायेतील सांस्कृतिक न्यूनगंडावर त्यांचा रोख आहे आणि वारकरी-महानुभावांबरोबर फुल्यांनाही त्यांच्या परंपरेत मानाचे स्थान आहे. मराठी कादंबरीच्या आरंभी त्यांना महत्त्वाची वाटते ती ख्रिस्ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. मग अमेरिकेतील लोकांना ग्रंथ अर्पण करणारे फुले देशी कसे? याचे उत्तर असे देता येईल की, कल्पना कोठून आली यावर देशीपण ठरत नाही. ती येथील कोणत्या वेदनेला वाचा देते यावर ते ठरते. देशीवादाचा सोयीस्कर अवलंब करणाऱ्यांनी हा निकष सोडून दिला आणि उगमस्थानाची तपासणी तेवढी ठेवली.

ही तपासणी सर्वांना सारखी लागू होत नाही, याची साक्ष अलीकडचा इतिहास देतो. १९९५च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा झाली. सत्तेवर आल्यावर युतीच्या शासनाने करार रद्द केला आणि १९९६मध्ये फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम शिवसेनेशी संबंधित शिव उद्योग सेनेच्या पुढाकाराने झाला, आणि हा गायक काही अमेरिकन मूल्यांचा प्रतिनिधी असून ती स्वीकारण्यास हरकत नसावी, अशा आशयाचे समर्थन बाळासाहेब ठाकरे यांनी केले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९८मध्ये, दोन स्त्रियांच्या प्रेमसंबंधाची कथा सांगणाऱ्या ‘फायर’ या चित्रपटावर आपली संस्कृती नव्हे म्हणून मुंबईतील चित्रपटगृहांत हल्ले झाले. नृत्य, प्रकाशझोत आणि तिकिटांचा गल्ला यांची अमेरिका पचली; घरातील स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न मात्र परका ठरला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझत गेले. लोअर परळ-वरळीच्या पट्ट्यातील मुंबई टेक्सटाइल मिलच्या जमिनीवर आता निवासी मनोरे आहेत, आणि त्यांतील २०१४मध्ये जाहीर झालेल्या एकावर डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव आहे. पुढे अमेरिकेतील परंपरावादी राजकारणाचा प्रमुख चेहरा झालेल्या गृहस्थाचे नाव कामगाराच्या खात्याच्या जागी आले, तेव्हा सांस्कृतिक आक्रमणाची भाषा कोणी केली नाही. याच काळात दाखल्याची दिशाही उलटली आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशा आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. अशा कायद्यांनी एका समाजाला वेगळे काढून बदनाम केले जाते, असा अनिवासी भारतीयांतील विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता. तो विचारात घेण्याजोगा आहे. पण त्याची बांधणी ओळखीची आहे: भेदभाव होतो की नाही, या प्रश्नाआधी तो कोणाच्या तोंडून विचारला जातो हे पाहिले जाते.

परंपरेचे रक्षण ही विचाराची क्षुल्लक बाजू नव्हे. सातत्य तुटले की दुर्बळांचाही आधार तुटतो, हे गिरणगावाच्या विघटनाने दाखवून दिले आहे: खाणावळी, भजनी मंडळे, गावकीच्या खोल्या, कामगार रंगभूमी हे सारे त्या सातत्याचेच भाग होते. ते सांभाळण्याची भाषा ज्यांनी केली त्यांनी गिरण्यांच्या जमिनींच्या व्यवहारात परंपरेचा पक्ष घेतलेला दिसत नाही, आणि घेतला तेव्हा तो ढसाळांच्या शब्दांविरुद्ध घेतला. मराठी परंपरावादाची चिकित्सा करावयाची तर त्याने काय नाकारले एवढे पाहून भागणार नाही. त्याच उगमातून आलेले काय त्याने निमूटपणे घरात घेतले, याचीही नोंद ठेवावी लागेल. फुल्यांच्या इंग्रजी अर्पणपत्रिकेला त्या घरात अजून जागा मिळावयाची आहे.