एका दमातली बुडी आणि शर्यतीचे नियम

पाण्याखालून एका दमात किती अंतर कापता येते, याची स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये एकदाच भरली, ती 1900 साली पॅरिसमध्ये, सेन नदीच्या पात्रात. पाण्याखाली कापलेल्या प्रत्येक मीटरला दोन गुण आणि बुडून काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण अशी पद्धत होती, आणि अंतराची मर्यादा 60 मीटर होती. फ्रान्सच्या शार्ल दव्हांदव्हीलने ती पूर्ण मर्यादा 68.4 सेकंदांत गाठली आणि 188.4 गुणांनिशी तो पहिला आला. डेन्मार्कचा पेडर लिक्केबर्ग तब्बल दीड मिनिट पाण्याखाली राहिला, पण त्याचे अंतर 28.50 मीटरच भरल्याने त्याला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तेवढ्याच अंतरावर विजेत्याला मागे टाकायचे, तर त्याला 131 सेकंदांहून अधिक काळ दम धरावा लागला असता. दमापेक्षा अंतराला एवढे झुकते माप होते.

ही स्पर्धा पुढे बंद झाली, तरी पाण्याखालचा फायदा जलतरणपटू विसरले नाहीत. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच शक्ती लाटा उठवण्यात खर्ची पडते. हा तरंगरोध शरीर पुरेसे खोल गेले की जवळजवळ नाहीसा होतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या पहिल्या तीन फेऱ्यांत प्रत्येकी सुमारे 45 मीटर पाण्याखालून काढले आणि सुवर्णपदक जिंकले, त्यानंतर लगेच त्या प्रकारात अशा बुडीवर निर्बंध आले. 1988 मध्ये सोलला हीच गोष्ट बॅकस्ट्रोकमध्ये घडली: दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे हलवण्याच्या डॉल्फिन किकने अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा दाइची सुझुकी सुरुवातीचे तीसेक मीटर पाण्याखालूनच गेले, आणि सुझुकी जिंकला. मग आधी 10 आणि नंतर 15 मीटरची मर्यादा आली. 1996 मध्ये रशियाच्या डेनिस पांक्राटोव्हने बटरफ्लायमध्ये तोच मार्ग धरल्यावर ती तिथेही लागू झाली. हे निर्बंध योग्यच होते, कारण पाण्याखाली गेल्यावर पोहण्याच्या प्रकारांमधला भेदच पुसट होऊ लागतो. मात्र माणसाच्या पोहण्याचा एक अत्यंत वेगवान आविष्कार त्यामुळे शर्यतीत 15 मीटरांपुरता उरला, हेही मान्य करावे लागते.

शिवाय धोका खराच आहे. श्वास घेण्याची ऊर्मी प्रामुख्याने रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे उठते, प्राणवायू घटल्यामुळे तितकीशी नाही. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले, तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, आणि ऊर्मी जागी होण्याआधीच पोहणाऱ्याची शुद्ध हरपू शकते. उथळ तलावात उत्तम पोहणारे बुडतात ते यामुळेच.

एका दमातल्या अंतराला पुन्हा मान मिळाला तो ‘डायनॅमिक अ‍ॅप्निया’ या स्वतंत्र क्रीडाप्रकारात. त्यात 2016 साली फिनलंडमधील तुर्कू येथे पोलंडचा माटेउश मालिना आणि ग्रीसचा यॉर्गोस पानायोताकिस यांनी पायात पर लावून 300 मीटरचे अंतर गाठले. येथे अंतर कापले म्हणजे कामगिरी पुरी होत नाही: वर आल्यावर पंधरा सेकंदांच्या आत स्पर्धकाने चेहऱ्यावरची साधने काढून, बोटांनी खूण करून, आपण ठीक असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, आणि तेवढे भान उरले नसेल, तर कापलेला एकही मीटर धरला जात नाही.