पत, शब्द आणि श्रद्धा : रायफायझेन नावाच्या माणसाची गोष्ट



मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात उधार मिळण्याची ऐपत ही एक पत, आणि चार माणसांत आपल्या शब्दाला असलेली किंमत ही दुसरी. आमच्या बँकेच्या धंद्यात पहिलीच मोजायची सवय लागते. पण या दोन्ही मुळात एकच आहेत असं मानणारा, आणि तसं करून दाखवणारा एक माणूस जर्मनीत होऊन गेला. त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. आपल्या गावोगावच्या सहकारी सोसायट्यांचं मूळ शोधत गेलं की त्याच्या दाराशी जाऊन थांबावं लागतं.

जन्म १८१८ चा, हाम नावाच्या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची. गावच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी त्याला शिकवलं. सतराव्या वर्षी सैन्यात गेला, पण डोळ्यांच्या आजारानं ती नोकरी सोडावी लागली. १८४५ साली वायरबुश भागातल्या लहान लहान खेड्यांचा तो मुख्य कारभारी झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडालं आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोकांची उपासमार सुरू झाली. सरकारी धान्य आलं, पण अट अशी की रोख पैसे मोजा आणि न्या. ज्याच्याकडे रोख आहे तो उपाशी कशाला राहील? रायफायझेननं गावातल्या खात्यापित्या लोकांना गोळा केलं, त्यांच्याकडून पैसा उभा केला, सामाईक भट्टी बांधली आणि नंतर फेडायच्या बोलीवर गरिबांना पाव दिला. भुकेल्याला दिलेला घास आपल्यालाच पोचतो, ही ख्रिस्ताची शिकवण त्याच्या लेखी फक्त रविवारी ऐकून सोडून द्यायची नव्हती.

इथपर्यंत ही दानधर्माची गोष्ट झाली. अशा गोष्टी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. खरी गोष्ट पुढे आहे.

१८४९ मध्ये फ्लामर्सफेल्डला त्यानं मंडळी काढली. शेतकऱ्याला गाय-बैल घेऊन द्यायचे आणि पाच वर्षांत हप्त्यानं पैसे फेडून घ्यायचे, म्हणजे सावकाराचा फास सुटेल. १८५४ मध्ये हेडेसडोर्फला दुसरी संस्था काढली. तिथं अनाथ मुलं आणि तुरुंगातून सुटलेली माणसं यांचीही काळजी घ्यायचं ठरलं. पण काही वर्षांत श्रीमंतांचा उत्साह ओसरला. जामीन राहायचे ते, धोका त्यांचा, आणि कर्ज घेणाऱ्यावर जबाबदारी काहीच नाही. घेणारा घेतच राहिला आणि देणारा कंटाळला. दानानं पोट भरतं, पण माणूस उभा राहत नाही, हे रायफायझेनला स्वतःच्या कामातून कळलं.

मग १८६४ साली त्यानं घडी बदलली. कर्ज हवं असेल तर आधी सभासद व्हायचं. कार्यक्षेत्र शक्यतो एकाच चर्चच्या हद्दीतलं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणार. सभासद करून घेताना वागणूक पाहायची. कर्ज कशासाठी ते आधी सांगायचं आणि पैसा त्याच कामाला लावायचा. हिशेब ठेवणारा सोडून कारभाऱ्यांना पगार नाही. नफा वाटून न घेता राखीव निधीत टाकायचा. आणि सगळ्यात कडक कलम म्हणजे अमर्यादित जबाबदारी. एकानं बुडवलं तर बाकीच्यांच्या घरादारावर येणार.

बघा, यात उपदेश कुठेच नाही. दारू सोडा, खोटं बोलू नका, असा फलक कुणी लावला नाही. पण शेजाऱ्याचं घर आपल्या सहीवर टांगलेलं असलं की माणूस गुत्त्यावर जाताना दोनदा विचार करतो. 'शेजाऱ्यावर प्रेम कर' ही आज्ञा त्यानं हप्त्याच्या तारखेत बसवली. शिस्त अशीच येते. लहानसा शब्द द्यायचा, तो पाळायचा, मग जरा मोठा द्यायचा.

त्याच काळात शहरी कारागिरांसाठी पतसंस्था काढणारे शुल्झ-डेलिच यांचं आणि त्याचं जमलं नाही. शुल्झ यांचा भर भागभांडवल आणि लाभांशावर. रायफायझेन म्हणे, फायद्यासाठी जमलेली माणसं फायदा संपला की पांगतात, त्याखाली धर्मबुद्धीचा पाया हवा. तो स्वतःही तसाच जगला. १८६५ मध्ये आजारपणामुळे नोकरी सुटली, तुटपुंजं निवृत्तिवेतन, दृष्टी जवळजवळ गेलेली. मुलगी अमालिया वाचून दाखवी, हा सांगे आणि ती लिही. १८८८ मध्ये तो वारला.

पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, आपल्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानं मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी 'अन्योन्य' सहकारी मंडळी काढली. कायदा नव्हता, एकमेकांवरचा विश्वास होता. तिकडे मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपातल्या शेतकी बँकांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांच्या अहवालाचं सार एवढंच, की रायफायझेनसारखा माणूस शोधा. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यात खेड्यातल्या सोसायट्यांना अमर्यादित जबाबदारी घातली ती याच वळणाची. १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी सोसायटी काढली. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यातच होता. १९०९ मध्ये छोटा नागपुरात जेझुइट पाद्री हॉफमन यांनी मुंडा, उरांव शेतकऱ्यांसाठी तशीच पतसंस्था उभारली.

नियम आले, दफ्तरं आली. पण निकोल्सन यांनी आधी माणूस शोधायला सांगितला होता, नियम नव्हे. आज पत म्हणजे संगणकावरचा तीन आकडी गुण. जामीनदार चहा पितापिता सही करतो, कर्ज कशाला घेतलं ते विचारणं त्याला उद्धटपणा वाटतो. कर्जमाफी होणार या आशेवर ज्याची फेडायची ताकद आहे तोही थांबतो, आणि जो वेळेवर भरतो तो खुळा ठरतो. दुष्काळात माफी द्यावीच लागते, माझा तिला विरोध नाही. पण दिलेला शब्द पाळण्याची सवय मोडली, तर ती कुठल्याच अंदाजपत्रकातून भरून निघत नाही.

रायफायझेनला हे बळ ख्रिस्तावरच्या श्रद्धेतून मिळालं. आपल्याला ते तुकोबांकडून मिळेल, बसवण्णांकडून मिळेल, आजीच्या धाकातून मिळेल. कुठून का मिळेना, पण ते मासिक हप्त्यापर्यंत उतरलं पाहिजे.

बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद, तुमच्या घरात जुन्या पतपेढीचं पासबुक किंवा सभेचा कागद असेल, तर त्याची हकिकत खाली जरूर लिहा.