भंवरकुआं चौक आणि बसची लेन

भंवरकुआंच्या नावात विहीर आहे, पण चौकात दिसतात त्या कोचिंग क्लासच्या पाट्या आणि गाड्यांच्या रांगा. आग्रा-मुंबई रस्ता, म्हणजे आपला एबी रोड, इथूनच जातो. मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक ही ११.५ किलोमीटरची बीआरटीएस सुरू झाली. रेलिंगमधली मधली लेन फक्त बसची होती. बाजूला कोंडी होते म्हणून वाद हायकोर्टात गेला.

कोर्ट आणि बस यांचं नातं तसं जुनं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २८ जुलै १९९८ रोजी सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या धुरावर उपाय म्हणून बस सीएनजीवर आणायला सांगितल्या, शिवाय बसची संख्या १०,००० करायलाही. इंदूरमध्ये गाडं उलट फिरलं. समितीचा अहवाल आल्यावर २७ फेब्रुवारी २०२५ रोजी हायकोर्टाने कॉरिडॉर काढायला मंजुरी दिली.

कोंडी खोटी नव्हती, मीही त्यात अडकलोय. पण इंजिनिअर म्हणून एक खटकतं: लेनची क्षमता गाड्यांत मोजली तर एक उत्तर येतं, माणसांत मोजली तर दुसरंच. बसमधली विद्यापीठाची पोरं कुठल्या हिशेबात धरायची?

इथल्या बसस्टॉपचे जुने फोटो, तिकिटं कोणाकडे असतील तर मंडळाकडे जरूर द्या.