एक कागद, दोन करार

जुनी मोटार विकायला काढणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘इन्शुरन्स चालू आहे, मार्चपर्यंत बघायला नको.’ घेणारा पॉलिसीची प्रत उलटीसुलटी करतो, शेवटची तारीख पाहतो आणि समाधानाने ती आरसीच्या पाकिटात ठेवून देतो. पहिलीच गाडी घेणाऱ्या घरात टायर, बॅटरी, किलोमीटरचा आकडा यांवर तासन्‌तास खल होतो. या कागदावर दोन मिनिटेही होत नाही. विकणारा खोटे बोलत असतो असेही नाही. विमा खरोखरच चालू असतो. पण कोणासाठी? विकणाऱ्यासाठी, घेणाऱ्यासाठी, की या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसलेल्या आणि उद्या त्या गाडीखाली येऊ शकणाऱ्या एखाद्या पादचाऱ्यासाठी? या प्रश्नाचे आजचे उत्तर कोणा एकाने एका बैठकीत ठरवलेले नाही. ते सुमारे नव्वद वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी घडले आहे. जुने अधिनियम, त्यांतील दुरुस्त्या आणि न्यायालयांचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचताना मला दिसलेला हा प्रवास आहे.

आपल्याकडे मोटारीसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यात गाडीची नोंदणी होती, चालकाचा परवाना होता, पण विम्याची सक्ती नव्हती. गाडी तेव्हा राजेरजवाड्यांची, गिरणीमालकांची, बड्या अधिकाऱ्यांची. विमा उतरवायचा की नाही हा मालकाचा खासगी प्रश्न होता आणि तो उतरवला जाई तो मुख्यतः मालकाच्याच सोयीसाठी.

सक्तीची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे गाड्या भराभर वाढल्या, तसे अपघातही. जखमी माणूस न्यायालयात जिंके, पण मोटारमालकाकडे देण्यासारखे काही नसले तर निकालाचा कागद घेऊन घरी बसे. १९३० च्या ‘रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट’ने यावर उपाय केला : तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेचा विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. विम्याच्या करारात पहिला पक्ष विमेदार, दुसरा कंपनी आणि या दोघांच्या बाहेरचा तो तिसरा. आपल्या बोलीत रुळलेला ‘थर्ड पार्टी’ हा शब्द तिथला.

मात्र सक्ती नवी असली तरी विम्याचा करार जुन्याच तत्त्वावर उभा होता. विमा हा माणसाशी केलेला करार, वस्तूशी नव्हे. कंपनी विमेदाराचे वय, सवयी, पूर्वीचे अपघात पाहून जोखीम घेते. त्याच्या जागी दुसरा माणूस आला तर ती जोखीमच बदलते. १९३८ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर नेमके हेच आले. वाहन विकताना विकणाऱ्याने पॉलिसीही घेणाऱ्याच्या हाती दिली. पुढे घेणाऱ्याकडून अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, की पॉलिसी अशी हातोहात देता येत नाही. कंपनीने त्या घेणाऱ्याशी करार केलेलाच नाही. गाडी गेली, विमा संपला. जखमी माणसाला मात्र या तत्त्वाचा काहीच उपयोग नव्हता.

भारतात १९३६-३७ मध्ये मोटार विम्याच्या प्रश्नावर समिती बसली आणि १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण आले. मध्ये दुसरे महायुद्ध झाले. ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १ जुलै १९४६ रोजी. आपण सक्ती इंग्लंडकडून घेतली, तसे माणसाशी करार हे तत्त्वही घेतले. परिणामी पुढची दोन तपे गाडी विकली गेल्यावर झालेल्या अपघातांत कंपन्या हाच बचाव घेत राहिल्या : आमचा विमेदार आता मालक नाही आणि मालक आमचा विमेदार नाही. अनेक निकालांत हा बचाव टिकलाही.

या काळात मोटारींचा बाजार कसा होता तेही ध्यानात घेतले पाहिजे. अ‍ॅम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अशा मोजक्याच गाड्या. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची. साहजिकच गाड्या वर्षानुवर्षे वापरल्या जात आणि हातोहात फिरत. म्हणजे हस्तांतर हा अपवाद नव्हता, नित्याचा व्यवहार होता. कायद्यातले भोक नेमके तिथेच होते.

ते बुजवण्याचा पहिला प्रयत्न १९६९ च्या दुरुस्तीने झाला. कलम १०३-अ असे सांगत होते, की गाडीबरोबर पॉलिसीही देऊ इच्छिणाऱ्या विक्रेत्याने कंपनीकडे अर्ज करावा. पंधरा दिवसांत कंपनीने नकार कळवला नाही, तर पॉलिसी नव्या मालकाच्या नावे झाली असे मानले जाईल. कंपनीच्या मौनाला संमती ठरवणारी ही तरतूद मला फार बोलकी वाटते. माणसाशी करार हे तत्त्व तिने मोडले नाही, थोडे वाकवले. पण अडचण उरलीच, कारण सगळे अर्जावर अवलंबून होते. अर्जच केला नाही तर काय, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

दरम्यान विमाधंद्याचेच रूप पालटले. १ जानेवारी १९७३ पासून सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमाकर्त्यांच्या चार कंपन्या झाल्या. मुंबईत दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये स्थापलेली न्यू इंडिया त्यांतली एक. मोटार विम्याचे दर आणि कलमे सर्वत्र सारखी, ठरवून दिलेली. पॉलिसी वाचून निवडण्यासारखे काही नव्हतेच. कागद न वाचण्याची आपली सवय त्या काळात पक्की झाली असावी, असा माझा तर्क आहे.

निर्णायक पाऊल पडले ते १९८८ च्या अधिनियमाने. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे कलम १५७ अर्जाची वाट पाहत नाही. गाडीची मालकी बदलली, की त्या तारखेपासून विम्याचे प्रमाणपत्र आणि पॉलिसी नव्या मालकाच्या नावे झाली असे ते मानते. कंपनीला कळवण्याचे काम आता विक्रेत्यावर नाही, घेणाऱ्यावर आले. मुदत चौदा दिवस. ही मुदत चुकली म्हणून जखमी माणसाचा हक्क बुडत नाही. जुन्या कायद्याखालच्या अपघाताबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हीच भूमिका घेतली : हस्तांतर कळवले नाही, तरी तिसऱ्या पक्षाला भरपाई देण्यातून कंपनी सुटत नाही.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, की मग ‘इन्शुरन्स चालू आहे’ हे वाक्य अगदी बरोबर. पण ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आणि १९९६ च्या निकालसंग्रहांत छापलेला निर्णय त्याच कागदाची दुसरी बाजू दाखवतो. गाडी घेणाऱ्याने अपघातात झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान मागितले होते. न्यायालय म्हणाले, की कायद्याचे ते प्रकरण तिसऱ्या पक्षाच्या जोखमीपुरते आहे, म्हणून आपोआप होणारे हस्तांतरही तेवढ्यापुरतेच. स्वतःच्या गाडीचे नुकसान, चोरी, आग यांचा विमा हा सक्तीचा भाग नव्हे. तो खासगी करार आहे आणि खासगी करार दोघांच्या संमतीशिवाय तिसऱ्याच्या नावे होत नाही. म्हणजे १९३८ चे इंग्रजी तत्त्व मेले नव्हते. ते पॉलिसीच्या अर्ध्या भागात जिवंत होते.

ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, त्या एका कागदावर असे दोन करार शिवलेले आहेत. एक समाजाशी केलेला. तो गाडीला चिकटतो, तिच्याबरोबर फिरतो. त्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. गाडी नवी की दहा वर्षांची, मालक सावध की बेफिकीर, याने त्यात फरक पडत नाही. दुसरा करार मालकाशी केलेला. २००७ पासून त्याचे दर कंपन्यांवर सोडले आहेत. त्यात गाडीची घटलेली किंमत मोजली जाते आणि मालकाने दावा केला नसेल तर २० पासून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही ‘नो क्लेम बोनस’ची सूट गाडीची नसते, माणसाची असते. विक्रेता ती आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जाऊ शकतो आणि जुनी पॉलिसी नावावर करून घेताना तिच्यातल्या सुटीचा फरक घेणाऱ्याला भरावा लागतो. दावा न करण्याचे पुण्य विकता येत नाही!

२००२ च्या मोटार टॅरिफने हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले : दायित्वाचा भाग आपोआप जाईल, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र घेणाऱ्याची खास मागणी आणि विक्रेत्याची संमती मिळाल्यावरच कंपनी बदलून देईल. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही असाच व्यक्तीशी बांधलेला असतो. विक्रेत्याच्या नावचे संरक्षण घेणाऱ्याच्या घरच्यांना मिळत नाही.

अलीकडच्या एका बदलाने गोंधळ आणखी वाढवला आहे. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसेकरन यांच्या रस्ते-सुरक्षेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. विम्याविना धावणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात, हा हेतू रास्तच. पण स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकेका वर्षाचा असतो. म्हणून दोन वर्षे वापरलेल्या गाडीच्या कागदावर पुढच्या वर्षीची तारीख दिसते आणि तिचा अर्धा भाग केव्हाच संपलेला असू शकतो. कागदावर दोन तारखा असतात. घेणारा पाहतो लांबची.

या इतिहासात विक्रेत्याचीही एक बाजू आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर असे वाहन आले, जे एकामागून एक चार वेळा विकले गेले होते, पण आरटीओच्या नोंदीत पहिलाच मालक कायम होता. अपघात झाला तेव्हा वाहन त्याच्या ताब्यात नव्हते. तरीही भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. कारण तेच, जे १९३० पासून चालत आले आहे : जखमी माणसाने मालकांची साखळी शोधत फिरू नये. सध्याच्या कायद्यात विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी गेली, की तोच मालक मानला जाईल, असा नियमही झाला आहे.

हे सारे वाचून माझे मत असे झाले, की कायद्याने आपले मुख्य काम चोख केले आहे. ज्याने कोणतीच सही केलेली नाही, त्या रस्त्यावरच्या माणसाला त्याने दोन सह्या करणाऱ्यांच्या हलगर्जीपणापासून वाचवले. त्यासाठी माणसाशी करार हे तत्त्व लागेल तेवढेच बाजूला सारले. उरलेल्या भागात मात्र तो म्हणतो, की तुम्ही सज्ञान आहात, तुमचे तुम्ही पाहा. ही वाटणी अन्यायाची नाही, पण ती घेणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, आणि ज्याने साठवलेल्या पैशांतून पहिली जुनी गाडी घेतली, त्याला ती चोरीला गेल्यावर हे कळणे फार महाग पडते. म्हणून सौदा ठरताना तारखेच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात : स्वतःच्या नुकसानीचा भाग चालू आहे का, आणि संमतीपत्रावर आजच सही मिळेल का. कंपनीला अर्ज त्याच दिवशी जावा, चौदाव्या दिवसाची वाट पाहू नये. आणि मूळ मालक संमती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर स्वतःच्या नावाने नवा विमा उतरवल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये.