कुर्ला, जुलै १९८३ : टायमिंग बांधताना

पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की मिस्त्रींचं बोलणं तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. जुलै १९८३. विश्वचषक जिंकून महिनाही झालेला नाही आणि कुर्ल्याच्या या गॅरेजात कपिलने धावत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा कॅच रोज नव्याने घेतला जातो. तुम्ही इथले हेल्पर. खांद्यावर काळाकुट्ट फडका, समोर बॉनेट उघडून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. इथे कुर्ल्यातच तयार झालेली. मारुती यायला अजून पाच महिने आहेत, त्यामुळे मालक छत्री मिटून या पद्मिनीजवळच उभे आहेत. नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून मिळालेली गाडी आहे.

गाडी चढावर ओढत नाही, मधूनच सायलेन्सरमध्ये फटाका फुटतो. डिस्ट्रिब्युटरची कॅप पुसून झाली, पॉइंट घासून झाले, कंडेन्सर नवा घालून झाला. मिस्त्री रोटर काढतात, शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवतात. तो डुलतो. आतलं बुश गेलंय. शाफ्ट डुलला की पॉइंट दर वेळी निराळ्याच अंतरावर उघडतात. मग टायमिंग कितीही बांधा, राहायचं नाही.

"डिस्ट्रिब्युटरच बदलावा लागेल, साहेब."

तुम्ही पाना घेऊन पुढे सरसावता आणि मिस्त्री ओरडतात, "थांब रे! आधी खूण कर."

बॅटरीची वायर काढायची. कॅपवर एक नंबरची वायर कुठली, ते खडूने लिहायचं. मग दाबाचा फेरा शोधायचा. चारही प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूहळू ढकला. मालकही हात लावतात. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मिस्त्री वाकलेले. हवा अंगठा उडवायला लागली की पुलीवरची खूण समोरच्या खुणेला मिळवायची. नुसत्या खुणेवर भरवसा ठेवू नका. चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, डिस्ट्रिब्युटर एकदाच. खूण दोनदा समोर येते आणि त्यातली एक खोटी असते. खोटीवर बसवलात तर सगळं चोख दिसेल आणि गाडी सुरूच होणार नाही.

रोटरचं तोंड कुठे आहे, त्याची खूण इंजिनावर करून जुना बाहेर, नवा आत. बसता बसता रोटर सरकला तर पुन्हा उचला. क्लॅम्पचा बोल्ट अजून आवळायचा नाही. पॉइंटची गॅप मात्र आत्ताच, फिलर गेजने, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. टायमिंग नंतर. क्रम उलटा केलात तर गॅप बदलताना टायमिंगही बदलतं आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत इथेच.

आता बारा व्होल्टचा दिवा. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या वायरला, दुसरं बॉडीला. बॅटरीची वायर पुन्हा जोडा, चावी चालू. पॉइंट मिटलेले असतील तर दिवा विझलेला, उघडताक्षणी पेटतो. ती पेटण्याची वेळ म्हणजे ठिणगीची वेळ. डिस्ट्रिब्युटर किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत खुणेवर नेमका दिवा लागला की बोल्ट आवळा. रोटरच्या दिशेविरुद्ध फिरवला तर ठिणगी लवकर पडते, दिशेने फिरवला तर उशिरा. पेट्रोलला जळायला वेळ लागतो, म्हणून ती पिस्टन टोकाला पोहोचायच्या थोडी आधीच हवी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागलं की सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. तेव्हा ती आणखी आधी पाडायचं काम आतली वजनं आणि स्प्रिंगा करतात.

प्लग जागेवर, वायरी १-३-४-२ या क्रमाने, रोटर फिरतो त्या दिशेने. चावी मारताच इंजिन लागतं. मालक खूश होऊन म्हणतात, "मिस्त्री, आता जरा कानाने बघा ना." कानाने टायमिंग लावणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी मुंबईत पुष्कळ आहेत, मला त्यांतल्या निम्म्या अतिशयोक्त वाटतात. उभ्या गाडीत रिकामं इंजिन ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली तरी छान गातं. खरं काय ते चढावर, टॉप गिअरमध्ये, ओझ्याखाली कळतं. खडखड नॉकिंग ऐकू आलं तर केसभर मागे घ्यायचं. कानाचं काम तिथे, दिव्यानंतर.

तुमच्याकडे आजही अशी गाडी असेल तर नवे पॉइंट घातल्यावर हजारेक किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडतं.