शिवाजी पूल: पर्यायी पुलाचं काम अर्ध्यात का अडकलं होतं?

कोल्हापुरातून पन्हाळा, जोतिबा किंवा रत्नागिरीकडे निघालं की पंचगंगेवर शेजारी शेजारी दोन पूल दिसतात. एक दगडी कमानींचा, ब्रिटिश काळातला शिवाजी पूल. दुसरा काँक्रीटचा, 2019 मध्ये वाहतुकीसाठी खुला झालेला. हा दुसरा पूल व्हायला इतकी वर्षं का लागली?

नवा पूल हवाच कशाला?

दगडी कमान वरचं ओझं सहसा पेलते. खरा धोका पाण्याचा असतो. पुराचा प्रवाह खांबांच्या पायाखालची माती उकरतो आणि वरून ते दिसत नाही. शिवाय टांगा-बैलगाडीच्या जमान्यातल्या अरुंद पुलावर आज ट्रक आणि बस समोरासमोर येतात.

मग अडलं कुठे?

पुलाजवळ ब्रह्मपुरी टेकडी आहे. हे संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ आहे. 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्थळापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. त्यामुळे बरंचसं बांधून झालेल्या पर्यायी पुलाचं काम 2015 मध्ये थांबलं.

वाहतूक जुन्याच पुलावरून सुरू राहिली. 26 जानेवारी 2018 च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली. 13 जणांचा जीव गेला.

कायदा बदलला का?

सार्वजनिक कामांना सूट देणारं दुरुस्ती विधेयक त्याच महिन्यात लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत ते अडकलं. शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन काम पुढे नेण्यात आलं.

इतका वेळ लागतोच का?

महाडचं उदाहरण बघा. सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर तिथे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये सुरू झाला.

म्हणजे पूल बांधायला काही महिने पुरतात. वेळ जातो तो परवानग्यांत. वारसा जपणारा कायदा हवाच, पण त्याची परवानगी पहिला खांब उभा राहण्याआधी घ्यायला हवी. तुमच्या गावात जुन्या पुलाशेजारी नवा पूल मंजूर झाला असेल, तर निधी किती हे विचारालच. सगळ्या परवानग्या मिळाल्यात का, हेही विचारा.