राजाच्या मृत्यूची वेळ

तारेचा जमाना होता तेव्हाची एक रीत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. घरात तार यायची, 'आई सीरियस, ताबडतोब निघा.' तार वाचून तरुण मंडळी पिशवी भरायला लागायची. वडीलधारी माणसं मात्र गप्प बसून राहायची. त्यांना ठाऊक असायचं, की गेलेल्या माणसाविषयीसुद्धा 'सीरियस' असंच कळवतात. रात्रभर एसटीने किंवा गाडीने प्रवास करायचा आहे, त्याचे पाय गळून जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. मृत्यू घडणं आणि मृत्यू सांगणं यांत आपण मुद्दाम थोडं अंतर ठेवत होतो.

८ सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी मला त्या तारेची आठवण झाली. अनंत चतुर्दशीची आदली संध्याकाळ होती, खाली मंडळाच्या मांडवात आरतीची गडबड चालली होती. आपल्या घड्याळात पाच वाजले असतील, म्हणजे लंडनमध्ये दुपारचे साडेबारा. राजवाड्याने एक छोटं निवेदन काढलं. राणी एलिझाबेथ यांच्या प्रकृतीविषयी डॉक्टरांना काळजी वाटते, त्या बाल्मोरल इथे वैद्यकीय देखरेखीखाली आहेत, असा त्याचा आशय. ती तारच होती, फक्त ती साऱ्या जगाच्या नावे आली होती.

पुढच्या काही मिनिटांत बीबीसीच्या मुख्य वाहिनीने रोजचे कार्यक्रम थांबवले आणि अखंड वार्तांकन सुरू केलं. वृत्तनिवेदकाच्या अंगावर गडद सूट आणि गळ्यात काळा टाय होता. तोंडाने तो 'प्रकृती' हाच शब्द वापरत होता, पण टाय पाहून कुणाच्याही मनात पुढचं आलं असतं. स्कॉटलंडमध्ये पाऊस पडत होता. लंडनच्या वेळेनुसार पाच वाजून गेल्यावर राजपुत्र विल्यम गाडी चालवत, काका-काकूंना घेऊन बाल्मोरलच्या फाटकातून आत जाताना दिसले. साडेसहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला, राणी गेल्याची अधिकृत घोषणा झाली.

तीन आठवड्यांनी मृत्यूचा दाखला प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूची वेळ होती दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे आम्ही ती गाडी फाटकातून जाताना पाहत होतो, तेव्हा राणी जाऊन जवळजवळ दोन तास झाले होते. पंतप्रधान लिझ ट्रस यांना साडेचारला कळवलं गेलं होतं. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे राजगादी क्षणभरही रिकामी राहत नाही, त्यामुळे पडद्यावर ज्यांचा उल्लेख युवराज म्हणून होत होता ते चार्ल्स केव्हाच राजे झाले होते. तीन तास वीस मिनिटं जगभरचे कॅमेरे एका बंद फाटकाकडे पाहत होते.

मला आज बोलायचं आहे ते या मधल्या वेळाविषयी. राजाच्या निधनाचं वार्तांकन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोफगाडी, पलटणी, लाखोंची रांग येते. तो सोहळा झाला. माध्यमांची खरी कसोटी लागते ती त्याच्या आधी, मृत्यू आणि घोषणा यांच्या मधल्या वेळात. हा वेळ कुणाच्या हातात असतो, आणि त्याचं तो काय करतो?

या गोष्टीची सुरुवात टीव्हीच्या आधी, नभोवाणीपासून करावी लागते. पंचम जॉर्ज हे नाव मुंबईकरांना नवं नाही, त्यांच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभारलं गेलं. २० जानेवारी १९३६ च्या रात्री ते सँड्रिंगहॅमला मृत्युशय्येवर होते. राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी जेवणाच्या मेनूकार्डावर एक वाक्य लिहिलं. राजाचं जीवन शांतपणे आपल्या अखेरीकडे चाललं आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. बीबीसीचे निवेदक स्टुअर्ट हिबर्ड रात्रभर ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाकीचे कार्यक्रम बंद होते. लोक रेडिओभोवती बसून होते. बारा वाजायला पाच मिनिटं असताना राजाचा मृत्यू झाला, आणि मध्यरात्र उलटल्यावर बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी स्वतः ती वार्ता सांगितली. प्रसारणाच्या इतिहासात संयमाचा नमुना म्हणून त्या रात्रीचं नाव पुढे कितीतरी वर्षं घेतलं जायचं.

पन्नास वर्षांनी, १९८६ साली, डॉसन यांची टिपणं उजेडात आली. त्या रात्री अकराच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या हाताने राजाला मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली होती. राजाचे हाल लांबू नयेत हे एक कारण त्यांनी लिहिलं होतं. दुसरं कारण वाचून मात्र माणूस थबकतो. ही वार्ता दुपारच्या हलक्या पत्रांत आधी न येता सकाळच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रांत यावी, अशी त्यांची इच्छा होती. लंडनला पत्नीला फोन करून त्यांनी 'टाइम्स'ला छपाई थांबवून ठेवण्याची सूचनाही दिली होती. म्हणजे सारा देश ज्या वाक्यावर कान ठेवून होता ते लिहिणाऱ्याच्याच हातात शेवटची वेळ होती. रेडिओने सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता. तरीही ऐकणाऱ्यांना जे घडत होतं ते कळत नव्हतं.

सहावे जॉर्ज गेले तेव्हा, ६ फेब्रुवारी १९५२ ला, गोष्ट उलट झाली. सकाळी साडेसातला सेवक खोलीत गेला तेव्हा राजे झोपेतच गेले होते. फोन जोडणाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून 'हाइड पार्क कॉर्नर' हा सांकेतिक शब्द वापरून वरच्या मंडळींना कळवलं गेलं. पावणेअकराला अधिकृत निवेदन निघालं आणि सव्वाअकराला बीबीसीवर जॉन स्नॅग यांनी ते वाचलं. पण ज्यांना सर्वांत आधी कळायला हवं होतं त्या कन्या, म्हणजे नव्या राणी, केनियात होत्या. राजवाड्याचा निरोप तिथे वेळेवर पोहोचलाच नाही. वार्ताहरांकडून त्यांच्या खासगी सचिवाला, तिथून पती फिलिप यांना आणि फिलिप यांच्याकडून त्यांना, अशी वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. बातमीदार राजवाड्याच्या पुढे गेले होते. २०२२ साली आधी नातलगांना बोलावून घेण्याची एवढी काळजी का घेतली गेली असेल, याचं उत्तर मला या प्रसंगात दिसतं.

टीव्ही तेव्हा बाल्यावस्थेत होता. निवेदनानंतर बीबीसीने बातम्या आणि दर्यावर्दींसाठीचे हवामानाचे इशारे तेवढे चालू ठेवले, बाकी सगळं बंद. शोक दाखवायचा म्हणजे गप्प बसायचं, अशी ती समजूत होती. आज वाहिनी गप्प बसूच शकत नाही. तिला चोवीस तास बोलावं लागतं, आणि सांगण्यासारखं काही नसताना बोलणं हेच सर्वांत अवघड. मग सगळा भार खुणांवर येतो. ३० मार्च २००२ ला राजमाता वारल्या तेव्हा बीबीसीचे पीटर सिसन्स यांनी काळ्याऐवजी गडद तांबडा टाय घातला, म्हणून तिथल्या वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला होता! २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रिन्स फिलिप गेले तेव्हा उलट घडलं. सगळ्या प्रमुख वाहिन्यांवर तेच तेच दाखवल्याबद्दल बीबीसीकडे एक लाखाहून अधिक तक्रारी आल्या. कमी झालं तरी बोल, जास्त झालं तरी बोल.

हे ऐकून कुणी म्हणेल, की हे सारे राजेलोकांचे चोचले. घोषणा चार तास उशिरा झाली तर बिघडलं कुठे? बिघडतं, आणि किती बिघडतं ते आपल्या शेजारी, नेपाळमध्ये दिसलं. १ जून २००१ च्या रात्री काठमांडूच्या नारायणहिटी राजवाड्यात गोळीबार झाला. राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरातली इतर माणसं मारली गेली. सकाळी रेडिओ नेपाळवर शोकसंगीत वाजत होतं, पण कोण गेलं, कसं गेलं, हे सांगितलं जात नव्हतं. नेपाळी माणसाला आपला राजा गेल्याचं परदेशी वाहिन्यांवरून, भारतीय वाहिन्यांवरून कळलं. अधिकृत घोषणा झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याच्याही पुढच्या दिवशी निवेदन आलं, की स्वयंचलित बंदुकीतून अचानक गोळ्या सुटल्या. रस्त्यावरच्या माणसाने ते मानलं नाही. पुढे चौकशी समितीने युवराज दीपेंद्र यांना जबाबदार ठरवलं, पण लोकांनी तेही पुरतं मानलं नाही. त्या काही तासांत जो विश्वास गेला तो राजघराण्याला परत मिळाला नाही. २००८ साली नेपाळमधली राजेशाहीच संपली. त्याला कारणं अनेक होती, पण त्या मुक्या सकाळीचा त्यात वाटा नव्हता असं मला म्हणवत नाही.

आणि घाई झाली तर? तो अनुभव आपला घरचा आहे. २२ मार्च १९७९ ला जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, श्रद्धांजली वाहिली गेली, आकाशवाणीने वृत्त दिलं. जयप्रकाशजी जिवंत होते. ते गेले त्या वर्षी ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. राजमुकुट नसलेल्या माणसाच्या बाबतीत आपण राजासारखी घोषणा केली, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारायचं राहून गेलं.

म्हणजे थांबणं वाईट नाही. कोण थांबवतं आणि कशासाठी, हे महत्त्वाचं. नातलग पोहोचावेत म्हणून, खातरजमा व्हावी म्हणून थांबणं आपण समजू शकतो. आपली तारही त्यासाठीच खोटं बोलायची. वर्तमानपत्र सोयीचं मिळावं किंवा घडलेलं झाकता यावं म्हणून थांबवणं निराळं. ऐकणाऱ्याला त्या क्षणी या दोहोंतला फरक कळत नाही. तो निवेदकाच्या आवाजावर विश्वास टाकतो. १९३६ साली त्या विश्वासाची परतफेड व्हायला पन्नास वर्षं लागली, २०२२ साली दाखल्यावरची वेळ तीन आठवड्यांत सर्वांसमोर आली. सुधारणा म्हणायची तर ती एवढीच, पण ती लहान नाही.

त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगून थांबतो. बाल्मोरलचं फाटक बंद होतं त्याच वेळी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्रांच्या पुतळ्याचं अनावरण होत होतं. त्याच छत्रीखाली एके काळी पंचम जॉर्ज यांचा पुतळा होता. तो १९६८ साली हलवला गेला. आपल्या वाहिन्यांवर दोन्ही दृश्यं आलटून पालटून दिसत होती. पंचम जॉर्ज यांची नात त्या वेळी या जगात होती की नव्हती, हे पाहणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही टीव्ही बंद केला नाही. पूर्वी तार आल्यावर घरातली माणसं बसून राहायची, तसा बसून राहिलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)